पोस्टरची ड्यूटी

चौथा कोपरा काही केल्या चिकटेना. दामिनी तळहातानं तो दाबून धरायची, थोडं थांबायची, हात काढायची, की पोस्टर पुन्हा मुरडून खाली यायचं. जिन्यापाशी असलेली ही भिंत पाहुण्यांसाठी म्हणून नुकतीच रंगवलेली. टेपला भिंत लागतच नव्हती, नुसती पांढरी भुकटी लागत होती.

"ओला फडका मार अगोदर," मागून आवाज आला. "भुकटी बसली पाह्यजे. मग लाव."

तिनं वळून न पाहता रुमाल मागे धरला. शालिकरामांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. तिनं भिंत पुसली, ओल वाळू दिली, पुन्हा टेप लावली. कोपरा चिकटला.

"मोनू?"

"झोपली आहे. तुह्यी सासू कागदानं वारा घालून राहिली. त्या वर्गातला पंखा नाई चालत."

शालिकराम तिचे सासरे. सारी नोकरी त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर काढली. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी पायात अजून तेच जाड सेफ्टीचे बूट. दामिनीचा नवरा अभिनव रेल्वेत, आज त्याची दुर्गहून ड्यूटी लागलेली. आणि मोनू आठ महिन्यांची, बाटलीला तोंड न लावणारी. म्हणून मग कॉन्फरन्सला दामिनी एकटी न येता त्यांचं कोहक्याचं अख्खं घरच ऑटोत बसून आलं होतं. बेबीताई नातीला घेऊन पहिल्या मजल्यावरच्या एका रिकाम्या वर्गात, दामिनी खाली जिन्यापाशी, आणि शालिकराम दोघींच्या मध्ये निरोप्यासारखे.

दामिनी दोन पावलं मागे सरकली आणि आपल्या संशोधनाचं पोस्टर तिनं परक्याच्या नजरेनं पाहिलं. प्लांटमध्ये लोखंड वेगळं काढल्यावर मागे जो मळ उरतो, तो स्लॅग. त्याचे डोंगर या गावानं लहानपणापासून पाहिलेले. तो दळून तिनं भाठा जमिनीच्या लाल, मुरमाड मातीत मिसळला होता आणि घराच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये धान लावलं होतं. जिथं नुसत्या काड्या उभ्या राहायच्या, तिथं भरलेल्या लोंब्या आल्या. फोटोत त्या छान दिसत होत्या. पण स्लॅगमधला धातू त्या दाण्यात उतरला का? हा भात कोणी खावा का? ते सांगणारं मशीन तिच्या कॉलेजात नव्हतं. ते भुवनेश्वरला, डॉ. रमा महापात्रांच्या प्रयोगशाळेत होतं. दामिनीनं त्यांना मेलवर मेल केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. विद्यापीठानं पीएचडीला दिलेली शेवटची मुदत वर्षअखेरीला संपत होती. आणि आज डॉ. महापात्रा याच इमारतीत होत्या, मुख्य वक्त्या म्हणून, संध्याकाळपर्यंत.

तिच्या गाइडनं, अतुल सरांनी, आठवडाभर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. "कॉन्फरन्स हॉलमध्ये होत नसते, चहाच्या रांगेत होत असते. ज्यांना भेटायचं त्यांचं काम वाचून जा. ओळखीच्यांच्या घोळक्यात जेवायला बसू नको. दोन मिनिटांत काय सांगायचं ते पाठ कर." ती पाठ करत होती, रोज सकाळी, गॅसवरच्या कुकरसमोर उभी राहून, शिट्टी व्हायच्या आत संपवायचं म्हणून. सगळं झाल्यावर निघता निघता सरांनी आवाज खाली आणला होता. "आणि घरचं काही बोलू नको. बाळाचं तर नाहीच. मागे काय झालं, आठवतंय ना?"

आठवत होतं. मागे एका प्रयोगशाळेनं हो म्हटलं होतं. मग तिनं प्रामाणिकपणे बाळंतपणाची तारीख कळवली आणि तिकडून उत्तर आलं की, पुढं केव्हातरी पाहू.

सकाळी हॉलमध्ये शाल-श्रीफळाचा कार्यक्रम एवढा लांबला की चहाची रांग लागलीच नाही. पोस्टर बघायची वेळ जेवणाच्या वेळेवर जाऊन आदळली. लोक हॉलमधून सुटले ते तडक पंगतीच्या वासाकडं. गळ्यातली ओळखपत्रं हलवत, हातात कॉन्फरन्सच्या पिशव्या घेऊन माणसं दामिनीसमोरून जात होती. एकजण थांबला. तिनं श्वास घेतला. त्यानं विचारलं, "बहनजी, खाना किधर है?"

पलीकडच्या पोस्टरवाल्या मुलानं आपली टाय सैल केली आणि तोही जेवायला गेला.

आणि तेव्हाच भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला तिला त्या दिसल्या. पिकलेले आखूड केस, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. पंगतीकडं पाठ करून डॉ. महापात्रा पहिल्या पोस्टरपासून वाचायला लागल्या होत्या. नुसतं बघणं नव्हतं ते. चष्मा कपाळावर, नाक कागदाला लागेल इतक्या जवळ, ओळ न् ओळ.

दामिनी पोस्टरच्या बाजूला सरकली. ती मनात पहिलं वाक्य जुळवत होती, तोच जिन्यावर बूट वाजले.

"उठली," शालिकराम म्हणाले. "बाटली लावली त हातानं उडवून दिली. साऱ्या मजल्यावर आवाज चालला."

"बाबा, थोडा वेळ खेळवा ना तिले. त्याच त्या मॅडम. येऊन राहिल्या."

"कोणत्या?"

"त्या. बूट घातलेल्या."

शालिकरामांनी आधी बूट पाहिले, मग बाई पाहिल्या. "खेळवून झालं बेटा. आता तिले खेळ नाई पाह्यजे."

वरून आवाज आला. इतक्या भिंतींमधून झिरपून आलेला, बारीक, पण दामिनीच्या अंगानं तो कानाच्या आधी ऐकला. तिनं ओढणी पुढं ओढून घेतली. एकदा जिन्याकडं पाहिलं, एकदा बुटांकडं. मॅडम दुसऱ्या पोस्टरवर पोचल्या होत्या.

"तुम्ही इथं उभे राहा बाबा. कोणी आलं तर सांगा, येऊनच राहिली. काही समजावू नका. नुसते उभे राहा."

"चार्ज देऊन राहिली म्हण."

"हो. चार्ज."

"मग बरोबर दे. काय कुठं आहे?"

रडणं वाढत होतं आणि सासरे चार्ज मागत होते. "ही माती. हा स्लॅग. हे धान. बस."

"अन् कुठं गेली म्हणून विचारलं त?"

दामिनीचा पाय पायरीवर होता. "सांगा, काम निघालं."

शालिकराम हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. हात मागे बांधून, पोस्टर झाकलं जाणार नाही असे बाजूला उभे राहिले. ते एकदा असे उभे राहिले की राहिले, हे तिला ठाऊक होतं. कोक ओव्हनला आपल्या जागी दुसरा माणूस आल्याबिगर कोणी जागा सोडत नसे. एकदा रिलीव्हर आला नाही म्हणून त्यांनी अंगात ताप घेऊन दुसरी पाळीही काढली होती. बेबीताई ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक कमी, गाऱ्हाणं जास्त असे.

वर्गात मोनू लालबुंद झाली होती. दामिनी शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसली, तिला जवळ घेतलं. बेबीताई काच नसलेल्या खिडकीपाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून पडद्यासारख्या उभ्या राहिल्या.

"एवढा मंडप टाकला, एवढे लोकं बलावले, अन् लेकराले पाजायले एक खोली नाई केली तुमच्या सायंटिस्टनं."

"आई, हळू बोला."

"हळू कावून? इथं कोणाले मराठी समजते?"

मोनू दोन घोट प्यायची आणि थांबायची. मान मागे टाकून आईचा चेहरा बघायची, हसायची, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ओढायची, मग पुन्हा दोन घोट. तिला जगात कुठंच जायचं नव्हतं. दामिनीच्या डोक्यात मात्र ते बूट चालत होते. तिसरं पोस्टर. चौथं. आता टाय सैल केलेल्या मुलाचं. आता माझं. आता बाबा म्हणत असतील, काम निघालं. आता मॅडम मान हलवून पुढं गेल्या. आता पंगतीत.

मनातल्या मनात मॅडम जेवायला बसल्या, तशी दामिनीच्या अंगातली ताठलेली तार सुटली. गेली संधी. खांदे खाली आले, डोकं भिंतीला टेकलं. मोनूनं दोरी सोडली आणि घटाघटा प्यायला लागली.

"पाह्य," बेबीताई खिडकीतूनच म्हणाल्या. "घाई गेली त दूध आलं."

पोरीचे डोळे मिटेपर्यंत दामिनी बसून राहिली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेताना तिनं तिच्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे सारले, तिथं ओठ टेकले. मग तिला सासूच्या हातात दिलं, ओढणीला पिन लावली आणि जिना उतरली. घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

पोस्टरशी शालिकराम नव्हते. त्यांच्या जागी, तसेच हात मागे बांधून, पोस्टर झाकलं जाणार नाही अशा बाजूला, डॉ. रमा महापात्रा उभ्या होत्या.

दामिनी शेवटच्या पायरीवर थबकली.

"दामिनी?" मॅडमनी विचारलं. त्यांची हिंदी ओडिया वळणाची, गोल होती. "आइए. आपके ससुरजी चार्ज देके गए हैं. बोले, बाथरूम जाना है, दो मिनट."

"सॉरी मॅडम... मैं... वो..."

"मैंने बोला, मुझे खाना खाने जाना है. वो बोले, खाना कहीं भागता नहीं, पोस्ट खाली नहीं छोड़ते." मॅडमच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण सुरकुत्या हलल्या. मग त्या उभ्या राहिल्या, हे त्यांनी नुसते खांदे उडवून सांगितलं. मधल्या वेळात एक परीक्षक गुण द्यायला आले होते. मुख्य वक्त्यांना पोस्टरशी पहारा देताना बघून ते एवढे गडबडले की हात जोडून परत गेले. रायपूरचे कोणी प्राध्यापकही आले होते, त्यांना माती कुठली ते हवं होतं. त्यांना मॅडमनी दुपारी यायला सांगितलं होतं. हे सगळं त्या क्रमानं, काही न गाळता सांगत होत्या. पाळी संपल्यावर सांगावं तसं.

"उन्होंने... और क्या बताया आपको?"

"सब. बच्ची आठ महीने की है, बोतल नहीं लेती. और आप कुकर को भाषण सुनाती हैं."

 दामिनीच्या डोळ्यांपुढं अतुल सरांचा चेहरा आला. पाठ केलेली दोन मिनिटं आठवायला गेली, तर पाटी पुसून घेतल्यासारखी कोरी.

मॅडम मात्र पोस्टरकडं वळल्या होत्या. बोट लोंब्यांच्या फोटोवर टेकलं. "धान अच्छा है. दाने में क्रोमियम कितना है?"

"नहीं मालूम, मॅडम."

बोट तिथंच राहिलं.

"वही मुझे आपसे चाहिए," दामिनी म्हणाली. आणि मग कुठलीही प्रस्तावना न करता, मोजून दोन वाक्यांत, तिनं मागितलं: नमुने तपासायला मशीन, या वर्षाच्या आत.

मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मशीन देता येईल, त्या म्हणाल्या. दिवाळी झाल्यावर. पण नमुने कुरियरनं पाठवून चालणार नाही, तिला स्वतः यावं लागेल. दाणे दळायचे, ॲसिडमध्ये विरघळवायचे, मग मशीन. आठ दिवस धरून चला. ॲसिडच्या इमारतीत लहान मूल आणता येत नाही.

हो म्हणायचं होतं. अशा वेळी हो म्हणायचं आणि बाकीचं घरी जाऊन बघायचं, हेच शहाणपण. दामिनीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"आठ दिन नहीं होगा मॅडम," ती म्हणाली. "मेरी बेटी अभी मेरा ही दूध पीती है. दो दिन होगा. ज़्यादा से ज़्यादा तीन."

 मॅडमच्या चेहऱ्यावर ना दया होती ना राग. गणितात मध्येच एक नवा आकडा यावा आणि माणसानं ते पुन्हा पहिल्यापासून मांडावं, तसं काहीतरी होतं. तुमच्या कॉलेजात ॲसिडचा धूर ओढून घेणारं कपाट आहे का, त्यांनी विचारलं. केमिस्ट्रीत आहे, दामिनी म्हणाली. चालतं का? चालतं. मग दाणे इथंच विरघळवा, मॅडम म्हणाल्या, बंद नळ्या घेऊन या. मशीनचं काम दोन दिवसांचं. गेस्ट हाउस इमारतीपासून लांब आहे, तिथं कोणीही राहू शकतं, कितीही लहान.

"पहले क्यों नहीं लिखा?"

"मैंने मेल किए थे मॅडम. बहुत सारे."

"वो देखे होंगे मैंने. सब लिखते हैं, आपसे सीखना चाहते हैं, आपका मार्गदर्शन चाहिए. उसका क्या जवाब दूँ?" त्यांनी हात पुढं केला, दामिनीचा फोन घेतला, स्वतःचा नंबर दाबून स्वतःलाच मिस्ड कॉल दिला. "ये लिखना था. मशीन चाहिए, दो दिन, साथ में बच्ची है. एक लाइन."

फोन परत देऊन त्या पंगतीच्या दिशेनं निघाल्या. चार पावलं गेल्यावर वळल्या. "ससुरजी को बोलना, चार्ज पूरा दे दिया मैंने."

तिकडं पंगत आवरायला लागल्याचा भांड्यांचा आवाज येत होता.

रायपूरचे प्राध्यापक दुपारी खरंच आले. परीक्षकही आले, आणि या वेळी हात न जोडता प्रश्न विचारून गेले. पोस्टर उतरवून गुंडाळलं तेव्हा उन्हं कलली होती. शालिकराम मात्र परत फिरकलेच नव्हते. दामिनीनं वर वर्गात पाहिलं, हॉलमध्ये पाहिलं. शेवटी ते सापडले पार्किंगच्या कडेला, करंजाच्या सावलीत. बूट काढलेले, मोजे बुटांवर वाळत घातलेले, आणि स्वतः ओट्यावर मांडी घालून बसलेले. शेजारी बेबीताई. मोनू आजीच्या मांडीवर जागी, पायानं पोस्टरच्या नळीला लाथ मारायला तयार.

"बाबा, बाथरूम सापडलं नाही का तुम्हाले?"

"सापडलं न."

"मग परत कावून नाही आले? मॅडम किती वेळ उभ्या होत्या तिथं."

"अच्छा." त्यांनी एक मोजा झटकला. "उभी राह्यली बाई?"

"हो."

"तू येईपर्यंत?"

"हो."

शालिकरामांनी मान हलवली आणि मोजा पायात चढवायला घेतला.

"कायचं बाथरूम?" बेबीताई म्हणाल्या. "मी पदर धरून खिडकीत उभी होती न. तू पोरीले दूध पाजून राहिली, लेकरू अर्धं पेलं नाई त हे इथं येऊन बसले. म्हटलं, सुटली असन ड्यूटी. मी हात केला, त मलेच तोंडावर बोट ठेवून दाखवते, चूप राहा. म्हटलं, गेलं बुढ्याचं डोकं."

"तू कायले बोलून राहिली मधात?"

"अर्धं पेलं तेव्हाच?" दामिनीनं विचारलं.

 मोनूनं पोस्टरला लाथ मारली. दामिनीनं तिला उचलून घेतलं आणि ओट्यावर सासऱ्यांच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा ठेवून, बसली.

"भुवनेश्वरले जायचं आहे बाबा. दिवाळी झाल्यावर, दोन दिवस. आपल्याले सगळ्याइले."

"आमाले कावून?" बेबीताई म्हणाल्या, पण कोणती गाडी जाते, दुर्गहून बसायचं की रायपूरहून, हे त्याच दमात विचारून झालं.

शालिकराम बुटाची नाडी बांधत होते. एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"दामिनी," ते खाली पाहतच म्हणाले, "त्या बाईले जेवण भेटलं असन न?"